नऊ-नऊच्या अंतरावर

आमच्या घरमालकांनी पहिल्याच दिवशी मला आकडा दिला. ट्रकमधून सामान त्यांच्या घरामागच्या खोल्यांत उतरत होतं. त्यांनी माझं नाव विचारलं, मी सांगितलं. त्यांना ते ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. मग ते दाराशेजारी टांगलेल्या शाळकरी पाटीकडे गेले, खडूने ‘मागची ताई’ असं लिहिलं, त्यापुढे एक मांडला आणि थोडी जागा सोडून पाच.

“आवाज एक, साफपणा पाच,” ते आईला म्हणाले. “शब्द सारे शाबूत हायेत. पन खोदून काढा लागतात.”

आई हसली. मी आठवडाभर त्यांच्यासमोरून गेले नाही.

वडिलांची बदली वाशीमला झाली तेव्हा मी नुकतीच पदवी घेतली होती. शाळा नागपूरची, इंग्रजी माध्यमाची. तिथे मी गप्प राहायला शिकले, कारण गप्प मुलीचं इंग्रजी चुकत नाही. वाशीमला आल्यावर माझं मराठीही चुकू लागलं. शेजारच्या बाया माझं बोलणं दोनदा म्हणायला लावायच्या आणि दुसऱ्यांदा हसायच्या. त्यामुळे घरमालकांचा एक हा आकडा मला लागला. तो खरा होता.

पाटीवर इतरही होते. सर्वांत वर नागपूर स्टेशन. त्याच्यापुढे रोज पाच घरं एक ते पाच गुणांनी भरली जात: ताकद, दुसऱ्या स्टेशनची घुसखोरी, खरखर, चढउतार आणि एकूण. जगभरात जे लोक छंद म्हणून दूरचे रेडिओ ऐकतात ते सगळे हीच पाच घरं भरतात, याचा त्यांना फार आधार वाटे. नागपूरच्या खाली त्यांच्या बायकोचं नाव होतं: ताकद पाच, खरखर फार.

“तीस वर्स झाले,” काकू मला म्हणाल्या, “एकूनमंदी चारच्या वर गेली नाई मी. पोळ्या करताना चार, पाहुने आले की तीन.”

“पाहुने आले की तू दुसऱ्याच आवाजात बोलते,” ते आतून म्हणाले.

काकांचं काम गावोगावच्या पंचायतीचे रेडिओ सांभाळण्याचं होतं. त्यांच्याकडे सतरा गावं होती, मेडशीपासून मंगरूळपीरच्या वाटेपर्यंत पसरलेली. प्रत्येक गावात एक लाकडी पेटी, तिच्यात रेडिओ. बाहेर दोनच खटके होते, एक चालू-बंद करायचा आणि एक आवाज वाढवायचा. स्टेशन लावायचं बटण आतल्या कप्प्यात, आणि कप्प्याला कुलूप. काटा एकदा नागपूरवर बसवला की कोणी हलवू नये म्हणून ही सोय. सतरा चाव्या त्यांच्या कमरेच्या करदोड्याला असत. ते चालले की त्या वाजत, त्यामुळे ते घरात कुठे आहेत हे आम्हाला भिंतीपलीकडून कळे.

मनगटावर घड्याळ नव्हतं. “घड्याळ आपलं मत सांगते,” ते म्हणत, “टाइम रेडिओ सांगते.” बातम्यांआधीचे ठोके सुरू झाले की हातातला घास हातात राही. शेवटचा ठोका पडला की घास तोंडात. काकूंनी एकदा त्याच क्षणी त्यांना डाळ वाढायला घेतली. ते रागावले नाहीत. पाटीपाशी जाऊन त्यांनी फक्त काकूंच्या ओळीत ‘घुसखोरी’च्या घरात एक आकडा बदलला.

रात्रीच्या जेवणाआधी तासभर ते स्वतःच्या रेडिओवर परदेशी स्टेशनं शोधत आणि जे सापडेल त्याचा अहवाल त्या देशाला पाठवत. तिकडून छापील कार्डं येत, ती भिंतीला लावलेली होती. बुद्धाच्या लहानशा मूर्तीभोवती सगळे देश. पण अहवाल इंग्रजीत लिहावे लागत आणि त्यांचं इंग्रजी सैन्यातल्या सिग्नलच्या नोकरीत शिकलेल्या शे-दीडशे शब्दांचं. म्हणून एका संध्याकाळी काकू मला बोलवायला आल्या. मी गेले, कारण लिहिताना बोलावं लागत नाही.

अहवालात वेळ ग्रीनिचची द्यायची असे. ते आपली वेळ सांगत, मी त्यातून साडेपाच तास वजा करून लिही. वर्षभर मी हेच केलं. आठ वाजले की अडीच, सात वाजले की दीड. पुढे पुढे मला आकडा मनात करावासुद्धा लागत नसे. हाताला सवय झाली होती.

एकदा मी विचारलं, इतक्या स्टेशनांची गर्दी असून एकमेकांचे आवाज मिसळत कसे नाहीत. त्यांना असा प्रश्न बहुधा कोणी विचारला नव्हता. त्यांनी एक जाडजूड यादी काढली आणि माझ्यासमोर उघडली.

“पाहा. प्रत्येकाले एक नंबर. मोठा देश असो का लहान. दोघांमंदी ठरलेलं अंतर. दुसऱ्याच्या नंबरवर कोनी बसाचं नाई. हे साऱ्या जगानं बसून ठरवलं, अन् पाळून राह्यले. पोलीस नाई, काई नाई.” मग जरा थांबून म्हणाले, “आपल्या गावात एका हिरीवर कोनं पानी भराचं, हे ठरत नाई.”

त्यांनी तक्रार म्हणून हे सांगितलं नव्हतं. ते तक्रार करत नसत. काही गावांत पंचायतीला खोली नसल्याने रेडिओ मारुतीच्या देवळात ठेवलेला असे, आणि हे दुरुस्तीला गेले की गावकरी पेटी उचलून बाहेर ओट्यावर आणून ठेवत. त्यांच्या वडिलांनी छपन्न साली दीक्षा घेतली, देव सोडले. गावाने मात्र ओटा सोडला नव्हता. “बरं पडते,” ते म्हणत, “बाहेर उजेड असते.”

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यानंतर परदेशातल्या एका स्टेशनाकडून त्यांना टपालाने एक पत्रक आलं. ते इंग्रजीत होतं. मी वाचून सांगितलं तेव्हा ते बाजेवरून उठून उभे राहिले. स्टेशनं वाढली होती, जागा पुरत नव्हती. आपल्या भागात दोन स्टेशनांत दहा किलोहर्ट्झचं अंतर असे, ते आता नऊचं होणार होतं. आशिया, आफ्रिका, युरोप, सगळीकडे एकच माप. त्यासाठी शेकडो स्टेशनांनी एकाच दिवशी, एकाच मिनिटाला आपला नंबर बदलायचा होता. नागपूरलाही किंचित सरकायचं होतं.

“म्हन्जे यष्टीत सरकून बसल्यासारखं,” काकू म्हणाल्या.

“तसंच. पन सारी बस एका टायमाले सरकनार. अन् कोनी भांडनार नाई.” त्यांचा आवाज बदलला होता. असा आवाज मी देवळात ऐकला आहे, त्यांच्या घरात पहिल्यांदाच ऐकला.

मग त्यांच्या लक्षात आलं की सतरा पेट्यांचे काटे कुलपात आहेत आणि ते स्वतः एकटे आहेत. त्या मिनिटाला सतरा गावांत कोण जाणार? आधीच काटा सरकवला तर तोपर्यंत रेडिओ मुका. नंतर एकेक गाव घ्यावं तर शेवटच्या गावाला आठ दिवस नुसती शिट्टी. कार्यालयाचा कागद अजून आलेला नव्हता. दोन दिवस ते गावांची यादी घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी करदोडा सोडला आणि चाव्या बाजेवर ओळीने मांडल्या.

“वाटून टाकतो,” ते म्हणाले. “ज्याच्या कानात दम हाय, त्याले चाबी. मी नवी जागा आतून पेन्सिलीनं आखून देतो. त्या टायमाले कुलूप खोलाचं, काटा रेघेवर आनाचा.”

ज्या माणसाने दहा वर्षं काट्याला दुसरा हात लागू दिला नव्हता, तो हे बोलत होता. कोणत्या गावात कोणाला चावी द्यायची हे त्यांनी पदावरून ठरवलं नाही. एका गावात ती टपाल वाटणाऱ्याकडे गेली, एका गावात शिंप्याकडे. मेडशीपासून दोन कोसांवरच्या एका गावात त्यांनी कौतिकाबाई नावाच्या बाईला दिली. ती बौद्धवाड्यातली, कापूस वेचायला जाणारी. पंचायतीच्या खोलीत तिला कोणी ‘ये’ म्हटलेलं नव्हतं. ती आणि तिच्या वस्तीतल्या बाया रोज संध्याकाळी भिंतीबाहेर कडब्याच्या गंजीला टेकून ऐकत. पण बॅटरी उतरली की तिला आधी कळे, आणि ती बाजाराच्या दिवशी वाशीमला येऊन सांगून जाई. काय बिघडलं तेही सांगे. काका म्हणत, तिचा कान पाच.

चावी द्यायला ते गेले तेव्हा मी सोबत होते, कारण काटा फिरवायची वेळ लिहिलेलं कार्ड तिला वाचून दाखवायचं होतं. सरपंच हसले.

“रेडिओवाले, गाव मेलं का सारं? चाबी इच्या हाती?”

“ऐकनारी तीच हाय.”

“अन् वाजला नाई तं?”

“वाजला नाई तं चाबी तुमची. इच्याकडून घेऊन तुमच्याकडे देतो, पुन्हा मांगत नाई.”

कौतिकाबाईने चावी पदराच्या टोकाला बांधली. मग गाठ दोनदा ओढून पाहिली.

अशी सतरा कार्डं मी लिहिली होती. माझं अक्षर चांगलं होतं आणि ते काम मला आवडलं होतं. पत्रकात वेळ ग्रीनिचची होती: तेवीस नोव्हेंबर, मध्यरात्र उलटून एक मिनिट. मी ती आपल्या वेळेत आणली आणि कार्डांवर लिहिलं: आदल्या दिवशी, संध्याकाळी सहा वाजून एकतीस मिनिटं. काकांनी कार्ड हातात घेऊन बराच वेळ पाहिलं.

“आदल्या दिशी? ताई, आपन पुढं ना, ग्रीनिच मागं?”

“कागदावर तसंच आहे,” मी म्हणाले. पुन्हा मोजायला मला कमीपणा वाटला.

“कागदावर हाय, तं हाय,” ते म्हणाले.

त्या संध्याकाळी काका आणि मी कौतिकाबाईच्या गावात होतो. त्यांना तिचा काटा फिरताना पाहायचा होता. पेटी पंचायतीच्या खोलीबाहेर ओट्यावर आणून ठेवली होती, आजूबाजूला अर्धं गाव. नागपूरचा गावकऱ्यांसाठीचा कार्यक्रम चालू होता, तुरीवरच्या किडीबद्दल. काका आवाजाकडे कान देऊन वेळ मोजत होते. “आता,” ते म्हणाले.

कौतिकाबाईने कुलूप उघडलं, बटणाला बोटं लावली आणि तशीच थांबली.

“फिरव ना,” सरपंच म्हणाले.

“आवाज येऊन राह्यला,” ती म्हणाली. “स्टेशन हाल्लं नाई. मी कायले हालवू?”

“कौतिकाबाई, टाइम झाला,” काका म्हणाले.

“भाऊ, तुमीच सांगतलं व्हतं, बोलत्या रेडिओले हात लावू नाई म्हून.”

काका पुढे झाले. त्यांनी हात बटणापर्यंत नेला आणि मागे घेतला. मी त्यांचा चेहरा पाहत होते. एका बाजूला साऱ्या जगाने ठरवलेली वेळ, दुसऱ्या बाजूला त्यांनी स्वतः पाच दिलेला कान.

सरपंचांना थांबवेना. “सांगतलेलं आयकत नाई अन् म्हने चाबी इले. ठेव ती ओट्यावर.” तिने चावी ओट्यावर ठेवली, मग त्यांनी ती उचलली. तिच्या हातातून घेतली नाही. काटा त्यांनी पेन्सिलीच्या रेघेवर आणला. तुरीची कीड फाटक्या, घोगऱ्या आवाजात बोलू लागली, वर शिट्टी. त्यांनी आणखी फिरवलं, मग घाईने उलट फिरवलं, आणि रेडिओत काहीच उरलं नाही.

“बिघडवला,” कोणीतरी म्हणालं. “हात लावला इनं, तवाच बिघडला.”

मी हातातल्या कार्डाकडे पाहिलं. साडेपाच तास. मी ते वजा केले होते. वर्षभर वजा करत आले तसेच. मिळवायचे होते. ते मिनिट उद्या पहाटेचं होतं.

मी मान वर केली तेव्हा काका माझ्याकडे बघत होते. त्यांना माझ्याआधी कळलं होतं. मी बोलले असते तर एक वाक्य पुरलं असतं. पन्नास-साठ माणसं होती. मी कार्ड उलटं करून छातीशी धरलं.

“कार्ड चुकलं,” काका म्हणाले. “चूक माही हाय. बाईनं काई केलं नाई.” मग तिला म्हणाले, “लावा जुन्या जागी.”

तिने डोळे मिटले, बटण जरा इकडे, जरा तिकडे केलं. तुरीची कीड परत बोलू लागली. पण चावी सरपंचांच्या खिशात राहिली, आणि काकांनी दिलेला शब्द असा होता की ती त्यांना मागता येईना.

बाकीची सोळा गावं फिरायला त्यांना आठवडा लागला. त्या संध्याकाळी रेघेवर आवाज फाटला म्हणून लोकांनी काटे कुठेही फिरवून ठेवले होते. एका गावात लोक तीन संध्याकाळी कुठल्याशा परक्या भाषेतल्या बातम्या मुकाट्याने ऐकत बसले होते. नागपूर बदलणार असं कार्डावर लिहिलं आहे म्हणजे आता हेच नागपूर, असं त्यांना वाटलं. हे सांगताना काका हसले, पण घरी आल्यापासून पाटीवर काही लिहीत नव्हते. मला त्यांनी त्या संध्याकाळबद्दल एक शब्द विचारला नाही. मी वाट पाहत होते.

तक्रारी वर गेल्या. कार्यालयाने लेखी खुलासा मागितला: चाव्या कोणाच्या परवानगीने वाटल्या, कार्डं कोणी केली. खुलासा इंग्रजीत हवा होता. त्यांनी मला बोलावलं आणि बाजेवर बसून सांगायला सुरुवात केली.

“लिवा. कार्डं मी केले. हिशेब माहा चुकला. दुसऱ्या कोनाचा संबंध नाई.”

मी लिहिलं की हिशेब भाडेकरूच्या मुलीने केला, तिला पुन्हा मोजायला सुचवलं होतं, तिने मोजलं नाही. अगदी नीट, स्वच्छ अक्षरात. त्यांनी न वाचता सही केली. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली. आपण धीटपणा केला असं मला वाटलं होतं.

महिन्याने उत्तर आलं. ते घेऊनही ते माझ्याकडेच आले. “वाचा,” म्हणाले. सरकारी काम बाहेरच्या व्यक्तीकडून, तेही भाडेकरूच्या मुलीकडून, करून घेतल्याबद्दल त्यांना ताकीद होती. सगळ्या चाव्या त्या-त्या गावच्या सरपंचांकडे जमा कराव्यात असा हुकूम होता. भाडेकरूच्या मुलीची ती एक ओळ मला गाळता आली असती. त्यांना कळलं नसतं. मी वाचली आणि तिचं मराठी करून सांगितलं.

त्यांनी कागद माझ्या हातातून घेऊन पाहिला, जणू आता तरी तो त्यांना वाचता येईल.

“हे मी सांगतलं नव्हतं.”

“पण खरं तेच होतं,” मी म्हणाले.

“खरं व्हतं. पन माह्या सहीवर.” ते रागावले असते तर बरं झालं असतं. “दुसऱ्याच्या नंबरवर बोलू नाई, ताई. चांगलं बोलत असलं तरी. तुमाले बोलाचं व्हतं, तं तुमची जागा व्हती ना. त्या ओट्यावर व्हती.”

जाताना त्यांनी पाटीवरची माझी ओळ ओल्या फडक्याने पुसली. एक, पाच, दोन्ही. ‘मागची ताई’ तेवढं ठेवलं. पुढे मोकळी जागा.

ती मोकळी जागा मी पंधरा दिवस पाहिली. मग एका दुपारी आईला सांगून मेडशीची बस धरली. त्याआधी मी एकटी एसटीत बसले नव्हते. मेडशीपासून चालत गेले. कापसाची शेवटची वेचणी चालू होती. दोन कोस मी एकच वाक्य मनात म्हणत होते.

पोचले तेव्हा रेडिओ ओट्यावर आला होता, पण मुका होता. सरपंच होते, वीसेक माणसं होती. गंजीला टेकून बाया बसलेल्या. मी ओट्यापाशी उभी राहिले आणि बोलले.

“काय म्हन्ते?” एक म्हातारे म्हणाले.

“आयकू नाई आलं, बाई. जरा मोठ्यानं.”

मी पुन्हा बोलले. “त्या दिवशी कार्डावरची वेळ मी चुकीची लिहिली होती. काकांनी नाही. कौतिकाबाईंनी काही बिघडवलं नव्हतं. त्यांचंच बरोबर होतं. मला तिथेच कळलं होतं, आणि मी बोलले नाही.” शेवटचं वाक्य मी वाटेत ठरवलेलं नव्हतं.

“मंग रेडिओवाला काहून बोल्ला, माही चूक म्हून?” सरपंचांनी विचारलं.

कौतिकाबाई गंजीपासून उठून पुढे आली होती.

“मले मालूम व्हतं,” ती म्हणाली. “भाऊ खोटं बोलले का त्यायचा आवाज उतरते. तवा तुमच्या तोंडाकडं पाह्यलं मी.” तिने हे दोष देऊन म्हटलं नाही, आणि माफ करूनही म्हटलं नाही.

मग सरपंचांनी खिशातून चावी काढली. मला नंतर कळलं की हे काही आठवडे रोज चाललं होतं. बॅटरी हलली किंवा पेटी उचलताना काटा ढळला की नागपूर हरवे, आणि ते दुसऱ्या कोणाला सापडत नसे. त्यांनी चावी ओट्यावर ठेवली. तिच्या हातात दिली नाही. तिने ती उचलली, कप्पा उघडला, डोळे मिटले. क्षणभराने ओट्यावर नागपूर बोलू लागलं, नव्या जागेवरून, स्वच्छ. तिने चावी पुन्हा ओट्यावर ठेवली आणि त्यांनी उचलली. यातलं काहीही बदललं नव्हतं, आणि बदलायला मी आलेही नव्हते.

शेवटच्या बसने घरी आले. काका दारात होते, काकू त्यांच्या मागे. आईने त्यांना सांगितलं असणार. त्यांनी माझ्या चपलांवरची काळी माती पाहिली.

“किती डाव सांगा लागलं?” त्यांनी विचारलं.

“दोनदा.”

त्यांनी मान हलवली आणि आत गेले. ते आकडा वाढवून देणारे नव्हते. नागपूरलासुद्धा त्यांनी कधी सवलत दिली नाही.

सकाळी पाणी आणायला बाहेर पडले तेव्हा पाटी भरलेली होती. वर नागपूर, खाली काकू, त्याखाली मी. साफपणाचं घर रिकामंच होतं. ते पुन्हा कधी भरलं गेलं नाही, आम्ही वाशीम सोडलं तेव्हाही नाही. आवाजाच्या घरात मात्र खडूने दाबून लिहिलं होतं: २.